सदर आणि सदिर

१

बृहन्महाराष्ट्रात राहणाऱ्या मराठी माणसाला शब्द वेचण्याचा एक छंद नकळत जडतो. भोवतालच्या परभाषेत एखादा ओळखीचा शब्द कानावर पडला की त्याला प्रवासात गाववाला भेटल्याचा आनंद होतो. आणि तो शब्द आपल्याच घरातून तिकडे गेला असावा, अशी त्याची खात्री पटण्यास फारसा पुरावा लागत नाही. तंजावर हे तर या छंदाचे माहेरघरच म्हटले पाहिजे. इ. स. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तेथे भोसल्यांची गादी स्थापन केली. तेव्हापासून १८५५ साली कंपनी सरकारने ती खालसा करीपर्यंत, म्हणजे सुमारे एकशेऐंशी वर्षे, कावेरीच्या खोऱ्यात मराठी ही राजघराण्याची आणि दप्तराची भाषा होती. बृहदीश्वराच्या प्राकारातील भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा प्रचंड मराठी शिलालेख ज्याने पाहिला आहे, त्याला या भूमीत आपल्या शब्दांच्या खुणा शोधण्याचा मोह व्हावा, यात नवल नाही.

परंतु मोह हा पुरावा नव्हे. 'सांबार' या पदार्थाचे नाव संभाजीमहाराजांवरून पडले, ही तंजावरच्या मुदपाकखान्याची कथा अलीकडे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. संस्कृत 'संभार' म्हणजे सामग्री. या शब्दाची मसाल्याच्या सामग्रीला लावलेली रूपे तामीळ, तेलुगू व कानडी या तिन्ही भाषांत आहेत. मलयाळी माणूस मसाला घातलेल्या ताकाला 'संभारम्' म्हणतो. आणि आपल्याच विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. इतकी भावंडे डोळ्यांसमोर असताना त्या पातेल्याशी संभाजीराजांना उभे करण्याचे कारण उरत नाही. ऐकावयास गोड लागलेली व्युत्पत्ती आधी दूर ठेवावी आणि मग तपासावी, एवढा धडा या कथेतून घेण्यासारखा आहे.

तो धडा मनाशी ठेवून प्रस्तुत लेखात दुसऱ्या एका शब्दाकडे पाहावयाचे आहे. आज ज्याला आपण भरतनाट्यम् म्हणतो, त्या नृत्याला विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांपर्यंत तामीळ देशात जी नावे होती, त्यांत 'सदिर' हे एक प्रमुख नाव होते. हा 'सदिर' म्हणजे आपली 'सदर' होय, असे एक मत आहे. हे मत बरोबर असेल तर त्याचा अर्थ काय आणि त्यावरून आपल्याला कोणता अभिमान धरण्याचा अधिकार पोहोचतो, हा या लेखाचा विषय आहे.

२

'सदर' हा शब्द मराठीत इतका मुरलेला आहे की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानातही येत नाही. गडावरची सदर, वाड्याची सदर, सदरेवर बसून केलेला निवाडा, सदर कचेरी, सदर बाजार, 'सदर इसम', 'सदरहू जमीन', वर्तमानपत्रातील सदर, 'हा खर्च कोणत्या सदरात घालावयाचा?' असा हिशेबनिसाचा प्रश्न, ही सारी या एका शब्दाची रूपे. सदरा आणि सदरी हे अंगात घालावयाचे कपडेही याच कुळातले. एखाद्याला वाटेल की या सर्वांच्या मुळाशी संस्कृत 'सदस्', म्हणजे सभा, असले पाहिजे. सद् म्हणजे बसणे आणि सदर म्हणजे बसण्याची जागा, असा मेळही बसतो. पण हे साम्य केवळ योगायोगाचे आहे. सदर हा अरबी शब्द असून तो फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला.

अरबीत 'सद्र' म्हणजे छाती. छाती हा देहाचा पुढचा भाग. म्हणून कोणत्याही वस्तूचा अग्रभाग तो सद्र. कवितेच्या ओळीचा पूर्वार्ध हाही सद्र. सभेत जे सर्वांत मानाचे, पुढचे स्थान, ते सभेचे सद्र. आणि त्या स्थानावर जो बसतो तो माणूसही सद्रच. मोगलांच्या राज्यात धर्मादाय इनामांचा व्यवहार पाहणारा श्रेष्ठ अधिकारी 'सद्र-उस्-सुदूर' होता, आणि उस्मानी तुर्कांचा मुख्य वजीर 'सद्र-ए-आझम' होता. कंपनी सरकारने वरिष्ठ न्यायालयांना 'सदर अदालत' हे नाव दिले, तेही याच अर्थाने.

मराठीने या शब्दाशी जो व्यवहार केला तो मात्र तिचा स्वतःचा आहे. माणसावरचा भर तिने काढून घेतला आणि तो जागेवर ठेवला. आपली सदर ही प्रथम एक वास्तू आहे: तीन बाजूंनी भिंती, पुढची बाजू खांबांवर मोकळी, जमिनीपासून थोडी उंच. तेथे बसणारा बसतो आणि समोर उभा राहणारा उभा राहतो. वादी-प्रतिवादी, पाटील-कुळकर्णी, शाहीर, वेठीचा महार, सगळे सदरेसमोर येतात. दप्तरात एकदा वर उल्लेखिलेली गोष्ट ती 'सदर', हा अर्थही या उंचवट्याचाच आहे. कागदावरही जे वर, ते सदर. तेलुगूत 'सदरु' आणि कानडीत 'सदरी' हे शब्द 'उपर्युक्त' याच अर्थाने दप्तरी भाषेत आहेत. म्हणजे हा शब्द दक्षिणेकडे गेला आणि तेथे रुजला, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, तामीळ देशातील नाचाला जे नाव मिळाले ते हेच का?

३

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे मनापासून ऐकले पाहिजे. 'सदिर' हा शब्द संस्कृत 'चतुर' यापासून आला, असे दुसरे मत आहे; आणि ते टाकाऊ मुळीच नाही. 'चतुर' वरून आलेला 'सदुर' हा शब्द कौशल्य, चातुर्य या अर्थी तामीळमध्ये पुष्कळ जुना आहे. माणिक्कवाचकांच्या 'तिरुवाचकम्' मध्ये, म्हणजे मराठ्यांच्या कित्येक शतके आधी, भक्त आणि शिव यांच्या देवघेवीत अधिक चतुर कोण ठरला, हे सांगताना या शब्दाचे रूप येते. कानडीतही 'चदुर' आहे. चतुर अंगविक्षेपांची कला ती सदिर, हे सांगणे अर्थाच्या दृष्टीने अगदी सरळ आहे. त्यासाठी अरबस्तानापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही.

ध्वनीच्या साक्षीने हा वाद सुटेल असे वाटते. पण तामीळ लिपी ती साक्ष देत नाही. या लिपीत च आणि स यांना रूढ अक्षर एकच आहे आणि त व द यांनाही एकच. ग्रंथ लिपीतून घेतलेले स चे वेगळे अक्षर आहे खरे, पण मुरलेल्या शब्दांत ते क्वचितच वापरतात. तेव्हा संस्कृत 'चतुर' आणि मराठी 'सदर' हे दोन शब्द तामीळ माणसाने लिहिले की त्यांची पहिली दोन व्यंजने एकमेकांपासून वेगळी राहत नाहीत. उच्चारातही शब्दाच्या मध्यावरचा त मृदू होऊन द सारखा ऐकू येतो. राहता राहिला दुसऱ्या अक्षरातील स्वर. 'चतुर' मध्ये तेथे उ आहे, 'सदर' मध्ये अ आहे आणि 'सदिर' मध्ये इ आहे. दोन्ही पक्षांना एकेका स्वराचा बदल मानावाच लागतो.

आपल्या पक्षाच्या विरुद्ध जाणारी आणखी एक गोष्ट सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. तंजावरच्या राजवाड्याचा जो भाग भोसले घराण्याच्या निवासाचा म्हणून ओळखला जातो, त्याचे नाव 'सदर महाल' आहे. म्हणजे त्याच गावात, त्याच वाड्याच्या नावात, आपला शब्द आपल्या स्वरासह टिकून आहे. वास्तूच्या नावात अ टिकावा आणि नाचाच्या नावात त्याची इ व्हावी, हे कसे? वाड्याचे नाव दप्तरात लिहिले जाते आणि वाड्यातील माणसे ते जपतात. नाचाचे नाव गावोगावच्या तोंडी फिरते, आणि तोंडी फिरणारा शब्द झिजतो, वळतो, असे उत्तर देता येते. ते संभवनीय आहे; परंतु ते निर्णायक नाही. ध्वनीच्या न्यायालयात हा दावा अनिर्णित राहतो, हे कबूल करून पुढे गेले पाहिजे.

४

जेथे ध्वनी थांबतो तेथे अर्थाच्या वाटेने काही अंतर चालता येते. शब्दाचा अर्थ एकटा बदलत नाही; त्याच परिस्थितीत सापडलेले दुसरे शब्दही त्याच दिशेने वळलेले दिसतात. असा एक सोबती आपल्या 'सदर' ला तामीळमध्ये आहे. तो म्हणजे 'कच्चेरी'.

कचेरी म्हणजे सरकारी काम चालण्याची जागा, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. तामीळमध्येही तिचा हा अर्थ होता. चेन्नईच्या मैलापूर भागातील एका जुन्या रस्त्याचे नाव 'कच्चेरी रोड' आहे. परंतु आज तामीळ माणसाला 'कच्चेरी' म्हटले की कारकून आठवत नाही. त्याला गाण्याची बैठक आठवते. मार्गळी महिन्यात त्याच मैलापुरात संध्याकाळी जो-तो कच्चेरीला निघालेला असतो, आणि तेथे विचारले जाते ते कोण गाणार आहे, हे. सरकारच्या बसण्याच्या जागेचे नाव संगीताच्या बैठकीला मिळाले, हे येथे निर्विवाद आहे. आणि जुन्या तामीळ वापरात नाचाच्या कार्यक्रमाला काय म्हणत? 'सदिर कच्चेरी'. आपल्याकडे 'सदर कचेरी' म्हणजे मुख्य सरकारी कार्यालय. तेच दोन शब्द, त्याच क्रमाने, कावेरीकाठी नर्तकीच्या पायांतील सलंगै ऐकू येताच तिकडे वळलेल्या लोकांच्या तोंडी होते. एका शब्दाचे साम्य योगायोगाचे असू शकते. जोडीच्या जोडी त्याच वाटेने गेलेली दिसली, म्हणजे योगायोगाची शक्यता पुष्कळ कमी होते.

हिंदुस्थानच्या इतर भागांतही अर्थाचे हेच वळण दिसते. 'मुजरा' हा मूळचा अरबी शब्द. मराठीत तो अजून मानवंदनेचाच आहे. हिंदीत मात्र मुजरा म्हणजे गणिकेचा नाच. राजासमोर येऊन करावयाचे वंदन आणि राजासमोर येऊन करावयाचा नाच यांत पाहणाऱ्याने भेद ठेवला नाही. सदिर नृत्याच्या क्रमात 'शब्दम्' नावाची रचना आहे. जुन्या अनेक शब्दम्‌रचनांच्या अखेरीस देवाला वा आश्रयदात्या राजाला उद्देशून 'सलाम' येतो. मंदिराशी जोडलेल्या नृत्यात हा अरबी शब्द कोठून आला? सदरेवरून आला, याखेरीज दुसरे समाधानकारक उत्तर सुचत नाही.

काळाची साक्षही विचारात घेण्यासारखी आहे. १७९९ च्या तहाने तंजावरच्या मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला आणि दुसऱ्या सरफोजीराजांकडे किल्ला, वाडा व मानमरातब एवढेच उरले. सारा वसूल करणे, निवाडे देणे, फौज ठेवणे ही सदरेची कामे संपली. याच राजांच्या कारकीर्दीत, १७९८ ते १८३२ या काळात, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार भाऊ तंजावरच्या दरबारात वाढले. त्यांनीच अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना हा क्रम बांधून दिला, आणि तो आजही रंगमंचावर चालतो. ज्या सदरेवर राज्य उरले नाही, तिच्यावर नृत्य आणि गायन उरले. अशा वेळी 'सदर' या शब्दाचा अर्थच 'सदरेवर होते ते' असा झाला असेल, तर ते भाषेच्या स्वभावाला धरूनच आहे. नाव याच पिढीत पडले, असा हट्ट मी धरणार नाही. ते आधीही पडले असेल. परंतु सदरेवर दुसरे काहीच घडेनासे झाल्यावर ते घट्ट बसले असावे.

एकूण पाहता 'सदर' चा पक्ष मला अधिक बळकट वाटतो. तामीळमध्ये आधीपासून असलेल्या 'सदुर' ने या नव्या शब्दाला आपल्या घरात जागा करून दिली असणेही शक्य आहे. एक शब्द बाहेरून येतो, त्याला घरातलाच एक शब्द जवळचा वाटतो आणि दोघांचे ध्वनी व अर्थ एकमेकांत मिसळतात, असे भाषांच्या सीमेवर नेहमी घडते. पण त्या मिश्रणातही 'समोर बसलेल्या मानकऱ्यापुढे केलेला नाच' हा अर्थ 'चतुर' ने दिलेला नाही. तो सदरेचाच आहे.

५

येथे आपला छंदिष्ट वाचक टाळी वाजविण्यास पुढे सरसावेल. भरतनाट्यम् चे जुने नाव मराठी निघाले, तेव्हा ते नृत्यही मराठ्यांनीच घडविले, असे विधान पुढच्या गणेशोत्सवाच्या व्याख्यानात ऐकू येण्यास हरकत नाही. याच ठिकाणी थांबणे आवश्यक आहे.

शब्दाचे वय आणि वस्तूचे वय एक नसते. व्यंकोजीराजे तंजावरास येण्याच्या साडेसहाशे वर्षे आधी राजराज चोळाने बृहदीश्वर बांधला. इ. स. १०१४ च्या सुमाराच्या त्या मंदिरातील शिलालेखात, देवाच्या सेवेसाठी ठिकठिकाणांहून आणून भोवतालच्या वीथींत वसविलेल्या चारशे स्त्रियांची नोंद आहे. प्रत्येकीचे नाव आणि तिला दिलेले घर यांसह. त्याच मंदिराच्या वरच्या मजल्यावरील प्रदक्षिणामार्गात भरताच्या एकशेआठ करणांपैकी एक्याऐंशी कोरलेली आहेत. उरलेले दगड कोरे राहिले आहेत. नायकांच्या काळात ही परंपरा चालू होती आणि मराठ्यांना ती मांडलेल्या संसारासारखी मिळाली. भोसल्यांनी तिला आश्रय दिला, तिच्यात भर घातली, तिच्यासाठी स्वतः रचना केल्या. या गोष्टी थोड्या नव्हेत. परंतु आई होणे निराळे आणि यजमान होणे निराळे.

शिवाय 'सदिर' हे नाव त्या नृत्याविषयी काय सांगते, याचा विचार केला पाहिजे. ते नृत्याविषयी काहीच सांगत नाही. पाय कसा पडतो, हस्त कसा फिरतो, पदातील नायिका कोणासाठी झुरते, याचा त्यात मागमूस नाही. ते नाव सांगते ते एवढेच की, समोर कोणीतरी उंचावर बसले होते. या नृत्याला दुसरीही नावे होती. 'चिन्न मेळम्', म्हणजे धाकटा ताफा, हे नाव नागस्वर वाजविणाऱ्यांच्या 'पेरिय मेळम्' शी, थोरल्या ताफ्याशी, तुलना करून पडले; ते वादकांच्या बाजूने पाहिलेले आहे. 'दासी आट्टम्' हे नाव समाजाने नर्तकीच्या स्थितीवरून दिले. 'भरतनाट्यम्' हे ग्रंथावरून दिले. एक नाव आसनाचे, एक ताफ्याचे, एक जातिधर्माचे, एक शास्त्राचे. चारही नावे नर्तकीच्या सभोवार उभे राहून ठेवलेली आहेत. सदरेच्या नावाचा अभिमान धरताना आपण हे विसरता कामा नये की, आपण त्या नृत्याला जे दिले ते पाहणाऱ्याच्या बसण्याच्या जागेचे नाव आहे.

६

परंतु तंजावरच्या मराठीची ही एकच बाजू दाखवून थांबलो, तर तिच्यावर अन्याय होईल. शब्दांची देवघेव उलट दिशेनेही झाली आहे, आणि तिचा एक नमुना मला 'सदिर' पेक्षाही अधिक मोलाचा वाटतो.

सरफोजीराजांच्या नावावर नृत्यासाठी रचलेल्या मराठी पदांचा एक संग्रह आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने तो प्रसिद्धही केला आहे. त्याचे नाव 'कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस'. आजच्या मराठी वाचकाने हे नाव प्रथम वाचले तर वाण्याच्या दुकानातील यादी हाती आली की काय, असे त्याला वाटेल. त्याचा एकेक शब्द उलगडून पाहावा. 'कोर्वै' हा तामीळ शब्द. ओवणे या अर्थाच्या धातूपासून आलेला. एका सूत्रात ओवलेली रचनांची मालिका ती कोर्वै. 'साहित्य' हा संस्कृत शब्द. पण येथे तो आपल्या वाङ्मय या अर्थाने नाही आणि स्वयंपाकाच्या सामानाच्या अर्थानेही नाही. कर्नाटक संगीतात स्वरांना जोडलेल्या शब्दरचनेला साहित्य म्हणतात, तो हा अर्थ. 'जिन्नस' हा अरबी, प्रकार, बाब. म्हणजे तीन शब्द, तीन कुळांचे. आणि मराठी काय? षष्ठीचा 'चे' प्रत्यय, दोन वेळा, आणि तामीळ शब्दाचे केलेले 'कोर्व्यां' हे सामान्यरूप. एवढ्या थोड्या द्रव्यावर ते नाव संपूर्ण मराठी झाले आहे. भाषेचा प्राण तिच्या शब्दसंग्रहात नसून तिच्या बांधणीत असतो, हे विधान आपण व्याकरणाच्या पुस्तकांतून वाचतो. येथे ते एका राजाने ग्रंथाच्या कपाळावर लिहून ठेवले आहे.

याहूनही महत्त्वाची गोष्ट 'कोर्वै' या शब्दाच्या निवडीत आहे. मराठीत माळ होती, मालिका होती, शृंखला होती. संस्कृतचे भांडार तर सरस्वती महालात पोत्यांनी भरलेले होते. तरीही राजाने नट्टुवनाराच्या तोंडचा शब्द उचलला. ज्यांची कला त्यांचा शब्द, हा साधा न्याय त्याने पाळला. ही वृत्ती त्या घराण्यात जुनीच होती. शहाजीराजांच्या, म्हणजे १६८४ ते १७१२ या काळात राज्य करणाऱ्या व्यंकोजीपुत्राच्या, 'पंचभाषाविलास' नाटकात संस्कृत, मराठी, तामीळ, तेलुगू आणि हिंदी अशा पाच भाषा एका रंगभूमीवर नांदतात. तेथे कोणतीही भाषा दुसरीला ओवरीवर बसवीत नाही.

तेव्हा हिशेब असा मांडावा लागतो: तामीळला आपण आसनाचे नाव दिले, आणि तामीळकडून आपण कलेचे नाव घेतले. या दोहोंत अधिक मोलाचे काय, याचा निर्णय वाचकाने करावा. सरफोजीराजांच्या या रचना पुढे मुंबईत आचार्य पार्वतीकुमार यांनी अभ्यासून रंगमंचावर आणल्या आणि सुचेता भिडे-चापेकर यांच्यासारख्या नर्तकीने त्या मराठी प्रेक्षकांपुढे ठेवल्या, तेव्हा आपल्याला आपली म्हणून जी वस्तू परत मिळाली ती सदर नव्हती. ती कोर्वै होती.

७

आता शेवटची गोष्ट. शब्द काढून टाकण्याची. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेने 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला. दरबारात रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द योजणे हा त्याचा हेतू. त्यामागे स्वराज्याची आकांक्षा होती आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्याच भोसले कुळाची धाकटी शाखा 'सदर' हा शब्द घेऊन तंजावरी गेली, तो तेथे बदलला आणि कोशाला दाद न देता अडीचशे वर्षे जगला.

मग मद्रासेत दुसरे शुद्धीकरण आले. देवदासींच्या प्रथेविरुद्ध डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांनी चालविलेली चळवळ न्याय्य होती. लहान मुलींना देवाच्या नावाने बांधून टाकणारी प्रथा जावयासच हवी होती, आणि १९४७ च्या मद्रास कायद्याने ती बंद झाली. त्याच काळात नृत्य वाचविण्यासाठी झटणाऱ्या ई. कृष्ण अय्यर यांच्यासारख्या मंडळींना वाटले की, 'सदिर' या नावाला चिकटलेली बदनामी गेल्याखेरीज कुलीन घरांतील मुली या कलेकडे वळणार नाहीत. म्हणून १९३२ च्या सुमारास मद्रासच्या म्युझिक अकादमीच्या व्यासपीठावरून 'भरतनाट्यम्' हे नाव पुरस्कारिले गेले. १९३५ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी अड्यारला हे नृत्य केले, दुसऱ्या वर्षी कलाक्षेत्राची स्थापना झाली, आणि पुढच्या एका पिढीत जुने नाव विस्मृतीत गेले.

हेतू चांगला होता आणि कला वाचली, हेही खरे. परंतु नाव बदलताना नावाबरोबर काही माणसेही मागे पडली. पिढीजात घराण्यांतील स्त्रियांसाठी तो रंगमंच अरुंद होत गेला. तंजावर दरबारातील पापम्माळ यांच्या वंशातील बालसरस्वती, जन्म १९१८, या अखेरपर्यंत सांगत राहिल्या की या कलेला शुद्ध करण्याची गरज नाही, कारण तिच्यातील शृंगार हीच तिची भक्ती आहे. ते ऐकणारे होते; पण ते थोडे होते. ज्याच्या नावात 'चतुर' असो वा 'सदर' असो, त्या नृत्याचे आयुष्य ज्यांनी देहाने वाहिले, त्यांना नव्या नावाच्या निवाड्यात कोणी साक्षीला बोलावले नाही. निवाडा पुन्हा सदरेवरच झाला. सदर तेवढी तंजावराहून मद्रासेस गेली होती.

म्हणून 'सदिर' या शब्दाविषयी बोलताना मला 'हा आमचा' असे म्हणावेसे वाटत नाही. तो आपल्याकडून गेला असावा, असे मानण्यास सबळ कारणे आहेत, आणि ती वर मांडली आहेत. परंतु त्याने आपल्याला काही द्यावे असे असेल, तर ते अभिमानाहून निराळे आहे. परभाषेत आपला शब्द सापडला की तो तेथे कोणाच्या डोक्यावर बसला होता आणि कोणाच्या पायांशी होता, हे विचारावे. आणि त्या शब्दाच्या बदल्यात आपण कोणता शब्द घरी आणला, हेही विचारावे. तंजावरच्या मराठीला हे दोन्ही प्रश्न विचारले तर तिची उत्तरे प्रामाणिक आहेत. तिने 'सदर' दिली, ही नोंद तामीळने ठेवली आहे. तिने 'कोर्वै' घेतले, ही नोंद तिने स्वतःच आपल्या ग्रंथाच्या पहिल्या शब्दात ठेवली आहे. परप्रांतात राहून मराठीची सेवा करणाऱ्या आपल्यासारख्यांना अनुकरणासाठी यातील दुसरी नोंद पुरेशी आहे.